घरच्या गॅरेजसाठी एअर कॉम्प्रेसर: एचपी बघू, लिटर बघू की सीएफएम?

गॅरेज_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी,

सिंहगड रोडला आमचं बैठं घर आहे. पार्किंगला शटर लावून १० बाय १८ फुटांची जागा वर्कशॉप म्हणून वापरतो. एक कार, दोन दुचाक्या आणि सुतारकामाचा छंद. आता कॉम्प्रेसर घ्यायचा आहे. कामं अशी:

टायरमध्ये हवा भरणं, भुसा उडवणं, एअर फिल्टर साफ करणं, एफ-३० गनने खिळे मारणं हे नेहमीचं. अधूनमधून चाकांचे नट सोडवायला इम्पॅक्ट रेंच. आणि सगळ्यात जास्त ओढ आहे ती फर्निचरवर स्प्रेने लॅकर आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारायची. आत्ता ब्रशने मारतो, पण हवी तशी सफाई येत नाही.

नाना पेठेत आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडे विचारलं. तीन पर्याय समोर आले:

१) १ एचपी, २५ लिटर, ऑइल-फ्री
२) २ एचपी, ५० लिटर, तेलाचा, मोटर थेट जोडलेली
३) २ एचपी, १०० लिटर, बेल्टवाला, बिडाचं हेड

एक दुकानदार म्हणतो, "टाकी मोठी घ्या, हवा पुरेल." दुसरा म्हणतो, "ऑइल-फ्री घ्या, मेंटेनन्सच नाही." अडचण अशी की शेजारच्या काकूंची झोपायची खोली माझ्या गॅरेजच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे आवाजाचाही विचार करावा लागेल. शिवाय गॅरेजपर्यंतची वायर जुनी आहे.

वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा. पैसे एकदाच घालायचे आहेत.

सुतारछंदी

माझ्याकडे पहिल्या प्रकारातला छोटा, ऑइल-फ्री सायलेंट आहे. एफ-३० गन, ब्लो गन आणि टायर यासाठी उत्तम चालतो. रात्री नऊलाही लावतो, कुणाची तक्रार नाही. स्प्रे सोडून द्या आणि पहिला पर्याय घ्या. फक्त त्यावर "सायलेंट" लिहिलंय का ते बघा. साध्या ऑइल-फ्रीचा आवाज फार कर्कश असतो.

उद्यमनगरी

गॅरेजदादा, कोल्हापूरहून लिहितोय. आमच्या शॉपमध्ये लहानमोठे कॉम्प्रेसर रोज चालतात, दुरुस्तीही आम्हीच करतो. जरा लांबण लागेल, पण हिशोब एकदा नीट मांडला की दुकानदाराला काय विचारायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

एचपी आणि लिटर हे दोन आकडे बाजूला ठेवा. हत्यार किती हवा खातं आणि पंप किती हवा देतो, एवढंच आधी बघायचं. टाकी नंतर. आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीसारखंच आहे हे. खालचा पंप बारीक असेल तर टाकी कितीही मोठी ठेवा, सगळे नळ एकदम सोडले की ती रिकामी होणारच. मोठी टाकी फक्त थोडा वेळ मिळवून देते, आणि रिकामी झाली की भरायलाही तेवढाच जास्त वेळ घेते.

आता पंप किती हवा देतो हे पाटीवर सरळ लिहिलेलं नसतं. पाटीवरचा सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा तो आकडा, बहुतेक वेळा "डिस्प्लेसमेंट" असतो, म्हणजे बोअर, स्ट्रोक आणि आरपीएम यांचा नुसता गुणाकार. प्रत्यक्षात दाबाखाली टाकीत पोचते ती हवा कमी असते. तिला एफएडी म्हणतात, फ्री एअर डिलिव्हरी. लहान सिंगल-स्टेज मशिनमध्ये ती डिस्प्लेसमेंटच्या ६० ते ७५ टक्के धरा. अंदाजाला आणखी एक ठोकताळा: ६-७ बारला एका एचपीमागे ३ सीएफएम खरी हवा मिळाली तर मशिन चांगलं म्हणायचं. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर, आणि १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. हे दोन आकडे पाठ करून ठेवा.

तुमच्या कामांना लावून बघू.

टायर: कारच्या टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा असते. २८ पीएसआयवरून ३३ वर न्यायचा तर १० लिटर मोकळी हवा लागते. चारही टायर मिळून ४० लिटर. याला कुठलाही कॉम्प्रेसर चालेल. नुसतं एवढंच काम असतं तर मी तुम्हाला १२ व्होल्टचा गाडीतला पंप घ्यायला सांगितलं असतं.

एफ-३०: एका खिळ्याला लिटरच्या आसपास हवा. २५ लिटरचं मशिन आरामात पुरतं.

इम्पॅक्ट रेंच: अर्ध्या इंचाच्या रेंचवर ४-५ सीएफएम लिहिलेलं असतं, पण तो थांबत-थांबत वापरण्याचा सरासरी आकडा आहे. घोडा दाबून धरला की तो २० सीएफएमच्या आसपास खातो. एका नटाला ५ सेकंद धरले तरी ४५-५० लिटर हवा गेली, म्हणजे ५० लिटरच्या टाकीतला जवळजवळ १ बार. रेंचला ६ बारच्या खाली जोर राहत नाही. म्हणजे टाकी ८ बारला भरलेली असेल तर दोन नट झाले की पुढच्या प्रत्येक नटाला २०-२५ सेकंद थांबायचं. वर्षातून दोनदा चाकं काढायची असतील तर याचं काही वाटत नाही. पण माझं स्पष्ट मत असं की घरी यासाठी बॅटरीवरचा इम्पॅक्ट घ्यावा. आता ते चांगले मिळतात, आणि कॉम्प्रेसरवरचा हा भार निघून जातो.

स्प्रे: खरी कसोटी इथे आहे. एचव्हीएलपी गन, म्हणजे कमी दाबाने भरपूर हवा सोडणारी स्प्रे गन, १० सीएफएम, म्हणजे २८३ लिटर प्रति मिनिट खाते. तुमचा पर्याय २ घ्या, खरी हवा साडेचार सीएफएम धरू, म्हणजे १२७ लिटर. टाकी ८ बारला भरलेली, मोटर साडेपाच बारला पुन्हा सुरू होते. ८ ते ५.५ या टप्प्यात ५० लिटरच्या टाकीतून १२५ लिटर हवा मिळते, ती २६ सेकंदांत संपते. मग मोटर सुरू. आता दर मिनिटाला २८३ जातात आणि १२७ येतात. गनला २ बारच लागतात, म्हणून टाकी ३ बारपर्यंत उतरू देऊ. ते आणखी ४८ सेकंद. एकूण सव्वा मिनिट. त्यानंतर फवारा फुटायला लागतो, लॅकरचे थेंब पडतात. कपाटाचा ७ फुटी दरवाजा मधेच सोडावा लागला की त्या जागी कड दिसते, ती घासूनच काढावी लागते. १०० लिटरची टाकी लावा, वेळ दुप्पट, म्हणजे अडीच मिनिटं. पण पंप तोच असेल तर पुढची वाट बघणंही दुप्पट.

तेव्हा गन कोणती घेणार ते आधी ठरवा. कॉम्प्रेसरचं त्यानंतर बघू.

गॅरेज_सिंहगडरोड

अहो, इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. मी गनचा विचारच केला नव्हता, दुकानात मिळेल ती घेणार होतो. कमी हवा खाणारी गन असते का?

पॉलिशवाली

असते. तिला एलव्हीएलपी म्हणतात, म्हणजे दाबही कमी आणि हवाही कमी. मी नाशिकला फर्निचर पॉलिशचं काम करते, त्यामुळे माझ्या हातात रोज गनच असते.

एलव्हीएलपी साधारण साडेतीन ते पाच सीएफएमवर चालते. एचव्हीएलपीपेक्षा फवारा अरुंद आणि काम थोडं सावकाश, पण घरच्या फर्निचरला घाई कुठे असते? मी लहान कामांना, खुर्च्यांना, फोटोफ्रेमना तीच वापरते. नोझल लॅकर आणि पीयूसाठी १.३ किंवा १.४ मिमी, प्रायमर आणि सीलरसाठी १.७ च्या आसपास. पंप किमान ५ सीएफएम खरी हवा देणारा हवा, म्हणजे मोटरला मधेमधे उसंत मिळते. पंप आणि गन अगदी बरोबरीला असले की कॉम्प्रेसर न थांबता चालतो, हेड तापतं आणि गरम हवेबरोबर ओलावा गनपर्यंत पोचतो. लॅकर पांढरट पडतं ते बऱ्याचदा यामुळेच. पावसाळ्यात तर नुसत्या बाहेरच्या दमट हवेनेही पडतं.

आणि एक सांगते, गॅरेजदादा. तुम्हाला फक्त स्प्रेच करायचा असता तर टर्बाइनची एचव्हीएलपी गन सुचवली असती. तिला कॉम्प्रेसर लागतच नाही. व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर असते आणि तिचीच हवा गनला जाते. पण तुम्हाला खिळेही मारायचे आहेत, म्हणून कॉम्प्रेसर बरोबर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन भागांचा पीयू, म्हणजे ज्यात हार्डनर मिसळतो, त्यात आयसोसायनेट असतात. एकदा फुप्फुसांना त्यांची ॲलर्जी बसली की पुढे आयुष्यभर थोड्याशा वासानेही दम लागतो. कापडी मास्क आणि रुमाल यांचा काहीही उपयोग नाही. कारखान्यात बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क वापरतात. बंद गॅरेजमध्ये, घरात माणसं असताना, दोन भागांचा पीयू स्प्रे करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाण्याच्या बेसचं पॉलिश मारा. त्यालाही मास्क आणि उघडं शटर लागतंच.

उद्यमनगरी

ताईंनी फार मोलाचं सांगितलं. त्याला जोडून एक. प्रेशर स्विचमध्ये प्रत्येक चालू-बंदला ठिणगी पडते. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. म्हणून कॉम्प्रेसर स्प्रेच्या जागेत ठेवायचाच नाही. भिंतीपलीकडे किंवा शटरच्या बाहेर ठेवा आणि लांब पाइपने हवा आत आणा. असं केलं की तो भुसाही ओढत नाही आणि ओव्हरस्प्रेही. इनटेकच्या फिल्टरमध्ये एकदा लॅकरची धूळ बसली की पंप श्वासच घेऊ शकत नाही.

सुतारछंदी

पण ऑइल-फ्रीमध्ये तेलाचा प्रश्नच नाही ना? रंगात तेल गेलं की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात म्हणतात. मग स्प्रेला ऑइल-फ्रीच चांगला नाही का?

उद्यमनगरी

तेलाचा प्रश्न नाही, बरोबर. पण पाण्याचा दोन्हीकडे सारखाच असतो. आणि तेलवाल्या पंपातून येणारं तेल चांगल्या फिल्टरने अडवता येतं.

ऑइल-फ्रीमध्ये पिस्टनला टेफ्लॉनची रिंग असते, ती कोरडीच घासते. साधे ऑइल-फ्री दोन पोलच्या मोटरवर, २८०० आरपीएमला फिरतात. त्यामुळे आवाज जास्त आणि झीजही जास्त. सायलेंट म्हणून विकतात ते १४०० आरपीएमचे, दोन-दोन हेडचे. आवाज खरंच कमी, साधारण ६० ते ७० डेसिबल. बेल्टवाल्याचा पंप ७०० ते १००० आरपीएमला फिरतो, बिडाचं सिलिंडर तेलात चालतं. त्याचे रिंग, व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केट आमच्या उद्यमनगरात, तुमच्या नाना पेठेत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, कुठेही मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक ते बदलतो. त्याचा आवाज भारदस्त असतो, पण घुमणारा. कर्कश नसतो.

ज्याला निव्वळ खिळे आणि टायर आहेत त्याने सायलेंट घ्यावा, सुतारछंदी म्हणतात ते योग्यच आहे. ज्याला स्प्रे करायचाय आणि पुढची पंधरा-वीस वर्षं मशिन वापरायचंय, त्याला माझं मत बेल्टवाल्यालाच.

वायंडिंग_काका

सगळे हवेवर बोलताहेत. मी विजेवर बोलतो, कारण माझ्याकडे जळून येतात त्या मोटरी पंपामुळे नव्हे, वायरमुळे जळलेल्या असतात.

२ एचपी म्हणजे दीड किलोवॉट. सिंगल फेजला चालताना ९-१० अँपिअर घेते. पण सुरू होताना पाच-सहा पट, म्हणजे ५० अँपिअर. गॅरेजपर्यंत जुनी दीड चौरस मिलिमीटरची वायर २५ मीटर आली असेल, तर जाऊन-येऊन ५० मीटर तांबं झालं. त्याचा रोध ०.६ ओहम. ५० अँपिअरला ३० व्होल्ट वायरीतच गेले. मोटरला २०० व्होल्ट मिळाले. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे राहिला फक्त ७५ टक्के. त्यात संध्याकाळी लाइनच २०० असेल तर विचारू नका. मोटर घूं घूं करत राहते, वेग घेत नाही, सेंट्रिफ्युगल स्विच सुटत नाही, स्टार्टिंग वायंडिंग आणि कॅपॅसिटर दोन्ही जातात.

४ चौरस मिमीची तांब्याची वायर मीटर बोर्डापासून थेट ओढा. त्यात साडेअकरा व्होल्टच पडतील. एमसीबी सी कर्व्हचा, म्हणजे मोटरचा सुरुवातीचा झटका सहन करणारा, २० अँपिअर. बी कर्व्हचा लावला तर सुरू होतानाच पडू शकतो. अर्थिंग नीट तपासून घ्या. आणि एक्स्टेंशन बोर्डावर कॉम्प्रेसर कधीही लावू नका. लांब जायचंय? हवेचा पाइप लांब करा, वायर नको.

मिशिगनहून

काकांचं म्हणणं इथेही तंतोतंत लागू आहे. इथे घरात १२० व्होल्ट आणि साधारण १५ अँपिअरचं सर्किट, त्यामुळे साध्या प्लगवर चालणारं मशिन फार मोठं असूच शकत नाही. मोठं हवं तर २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढावी लागते. एक गोष्ट मात्र इथली चांगली आहे. पाटीवर "९० पीएसआयला इतके सीएफएम" असं लिहितात, त्यामुळे हत्याराशी ताडून बघता येतं. गॅरेजदादा, तिकडच्या विक्रेत्याकडे हाच आकडा मागा: ६ बारला एफएडी किती?

गॅरेज_सिंहगडरोड

मागितला. ऑनलाइनवाल्याने पाटीचा फोटो पाठवला, त्यावर डिस्प्लेसमेंटच आहे. दुकानदार म्हणाला, "साहेब, दुकानात चालवून दाखवतो, या." मग चालवल्यावर मी बघायचं काय?

उद्यमनगरी

छान, हेच हवं होतं. मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन जा.

टाकीचा नळ बंद, मशिन चालू. गेज ४ बारला आला की घड्याळ सुरू, ७ बारला आला की बंद. टाकीचे लिटर गुणिले ३, भागिले लागलेली मिनिटं. झाली खरी हवा, लिटर प्रति मिनिट. ती २८.३ ने भागा, सीएफएम मिळाले. शून्यापासून मोजू नका, कारण रिकामी टाकी भरताना पंपावर दाबच नसतो आणि आकडा फुगतो. टाकीतली हवा गरम असल्यामुळे हाही आकडा थोडा जास्तच येतो, म्हणून त्यातले ५ ते १० टक्के कमी धरा. गेजही खरा आहे का ते टायरच्या चांगल्या गेजशी ताडता आला तर बघा.

मशिन बंद होताना कान द्या. दाब पूर्ण झाला की "फुस्स" असा आवाज यायला हवा. तो अनलोडर व्हॉल्व्हचा. हेडपासून टाकीपर्यंतच्या नळीतली हवा तो सोडून देतो, म्हणून पुढच्या वेळी मोटर हलकी सुरू होते. फुस्स आलं नाही तर मोटर दाबाविरुद्ध सुरू होणार, आणि मग काकांकडे जाणार. उलट ते फुस्स सुरूच राहिलं, थांबलंच नाही, तर टाकीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा मागे येऊ न देणारा, गळतोय.

बेल्टवाल्याच्या पुलीला पंख्यासारखी पाती असतात. हवा हेडवर यायला हवी. उलटी फिरत असेल तर पंप हवा देईल, पण थंड होणार नाही. हे दहा जणांतल्या एकानेही बघितलेलं नसतं.

देवगडकर

कोकणातून दोन शब्द, पाण्याबद्दल. आमच्याकडे हवा म्हणजे अर्धं पाणीच.

हवेचं तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. ती ८ बारला दाबली की आकारमान नवव्या भागाइतकं उरतं. थंड झाल्यावर तेवढ्या जागेत साडेतीन ग्रॅमही वाफ मावत नाही. उरलेली वीस ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाला. तासभर मशिन चाललं, मिनिटाला १०० लिटर धरले, तर सहा घनमीटर हवा झाली, म्हणजे सव्वाशे ग्रॅम पाणी. अर्धा पेला भरतो. श्रावणात माझ्या टाकीतून रोज येतं ते तांबूस पाणी. तांबूस म्हणजे टाकी आतून गंजायला लागलीच.

काम संपलं की दाब २ बारपर्यंत उतरवायचा आणि खालचा ड्रेन कॉक सोडायचा. रात्रभर उघडाच ठेवला तरी चालतो. ड्रेन कॉक टाकीच्या पोटाखाली असतो, वाकून हात घालावा लागतो म्हणून लोक टाळतात. मी तिथे एल्बो आणि फूटभर नळी लावून बॉल व्हॉल्व्ह बाहेर काढलाय. आता उभ्यानेच फिरवतो. पुण्याचं वातावरण कोरडं म्हणून उन्हाळ्यात निभावेल, पण जूननंतर नाही.

पॉलिशवाली

देवगडकरांना अनुमोदन. स्प्रेसाठी आणखी एक: मॉइश्चर फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवू नका. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेतच असतं, फिल्टरमधून सरळ निघून जातं. दहा-पंधरा मीटर पाइपनंतर, गनच्या बाजूला भिंतीवर बसवा. तोवर हवा थंड होते आणि पाणी वाटीत पडतं. आणि स्प्रेच्या लाइनला ल्युब्रिकेटर, म्हणजे हवेत तेल सोडणारी वाटी, अजिबात नको. तो रेंचसाठी. एकाच पाइपवर दोन्ही करायचे असतील तर रेंचला हाताने दोन थेंब तेल घाला, पाइपला तेल लागू देऊ नका.

नवखा_सुतार

मध्येच विचारतो. पाइपलाइन पीव्हीसीची केली तर? प्लंबरकडे १० किलो दाबाचा पाइप मिळतो, स्वस्तात होईल.

उद्यमनगरी

नका करू. १० किलोचा आकडा पाण्यासाठी आहे. पाण्याचा पाइप फुटला तर भिजाल. हवेचा फुटला तर दाबलेली हवा एकदम पसरते आणि पीव्हीसीच्या धारदार फाका गोळीसारख्या उडतात. उन्हाने, तेलाने तो आणखी ठिसूळ होतो. सीपीव्हीसीही नको. पक्की लाइन हवीच असेल तर जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, उतार देऊन, शेवटी पाणी साचायला खाली एक तुकडा सोडून. घरच्या गॅरेजला चांगला रबरी किंवा पीयू होज पुरतो.

पीयू घेताना दुकानात ८x५, १०x६.५, १२x८ असे आकडे सांगतात. पहिला बाहेरचा व्यास, दुसरा आतला, मिलिमीटरमध्ये. स्प्रेला १२x८ च घ्या. ८x५ खिळ्यांना चालतो, पण गनला लावला तर पाइपमध्येच दाब मरतो आणि माणूस उगाच कॉम्प्रेसरला दोष देतो. क्विक कपलरही बारीक भोकाचे असतात, ते पण बघून घ्या.

नवखा_सुतार

बरं झालं विचारलं. आमच्या गल्लीत एक पंक्चरवाला दुकान बंद करतोय, त्याचा जुना कॉम्प्रेसर निम्म्या किमतीत मिळतोय. तो घ्यावा का?

देवगडकर

टाकीचं वय काय, आणि पाणी कधी काढलं होतं का? या दोनांचं उत्तर नसेल तर पंप आणि मोटर घ्या, टाकी भंगारात द्या.

उद्यमनगरी

हेच. कारखान्यात अशा टाक्यांची ठरावीक काळाने सक्षम व्यक्तीकडून तपासणी करावी लागते, पाणी भरून दाब देऊन बघतात. घरी कुणी विचारत नाही, म्हणून आपण जास्त काळजी घ्यायची. टाकी तळाला आतून सडते, बाहेरून रंग चकचकीत असतो. तळाला बारीक भोक पडून वेल्डिंग केलेलं दिसलं तर हातही लावू नका. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, तो कड्याचा पितळी तुकडा, ओढून बघा. महिनोन्‌महिने न ओढल्याने चिकटलेला असतो. तो चिकटला आणि प्रेशर स्विचही अडकला, तर टाकीला वाचवणारं काही राहत नाही. काहीजण गळतो म्हणून तिथे बूच ठोकतात. असं मशिन फुकट दिलं तरी घरात आणू नये.

गॅरेज_सिंहगडरोड

शनिवारी दुकानात जाऊन आलो. आकडे देतो.

२ एचपी, ५० लिटर, थेट जोडलेला: ४ ते ७ बार, ७५ सेकंद.
२ एचपी, १०० लिटर, बेल्टवाला: ४ ते ७ बार, १०५ सेकंद.

दोन्हीला फुस्स आलं. दुकानदाराने स्वतःहून स्टॉपवॉच धरलं, म्हणाला असं मोजायला आजवर कुणी आलं नव्हतं. बेल्टवाल्याचा आवाज बाहेर फुटपाथवर उभं राहून ऐकला, घुमतो, पण बोलता येतं. थेट जोडलेल्याशेजारी ओरडावं लागत होतं.

उद्यमनगरी

वा, मस्त. पहिला: ५० गुणिले ३, १५० लिटर, सव्वा मिनिटात. म्हणजे १२० लिटर, ४.२ सीएफएम. दुसरा: ३०० लिटर पावणेदोन मिनिटात, म्हणजे १७१ लिटर, ६ सीएफएम. गरम हवेचे १० टक्के वजा करा: पहिला ३.८, दुसरा ५.४.

एचपी दोन्हीचे सारखेच, पण ताईंनी सांगितलेल्या एलव्हीएलपीला पहिला धापा टाकेल, दुसरा अधूनमधून विश्रांती घेत चालवेल. बेल्टवाला घ्या. एलव्हीएलपी गन घ्या. नटांसाठी पुढेमागे बॅटरीचा इम्पॅक्ट.

सुतारछंदी

मान्य. स्प्रे करणार असाल तर माझाही कौल बेल्टवाल्याला. शेजारच्या काकूंसाठी काय करणार?

गॅरेज_सिंहगडरोड

तेच ठरवतोय. घराच्या मागे, काकूंच्या खोलीच्या विरुद्ध बाजूला, पत्र्याच्या शेडखाली जागा आहे. तिथे ठेवून १२x८ चा १५ मीटर होज आत आणायचा विचार आहे. लाकडी पेटी करून आत आवाज कोंडता येईल का? आणि तेल कोणतं? दुकानदार म्हणाला गाडीचं २०डब्ल्यू४० चालतं.

उद्यमनगरी

मागची जागा उत्तम. पेटी चारही बाजूंनी बंद नको, पंप तापून मरेल. दोन बाजूंनी पडदी आणि वर पत्रा, हवा खेळती, बस. पुली भिंतीकडे असेल तर भिंतीपासून किमान फूटभर अंतर ठेवा. पायांखाली जाड रबरी पॅड, फरशीला बोल्टने आवळू नका. बराचसा आवाज फरशीतूनच पसरतो. बेल्टगार्ड काढून कधी चालवू नका.

तेल कॉम्प्रेसरचंच, आयएसओ व्हीजी १००. इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट असतं. ते घाण तेलात तरंगत ठेवतं, पण कॉम्प्रेसरला ऑइल फिल्टरच नसतो. शिवाय व्हॉल्व्ह प्लेटवर कार्बन लवकर धरतो. पहिलं तेल लवकर बदला, नव्या रिंगांचा धातूचा चुरा त्यात असतो. पुढे काचेतून रंग बघत राहा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं, लगेच बदलायचं. हे बहुतेक अशा लोकांचं होतं जे रोज दोन-दोन मिनिटंच चालवतात. पंप तापतच नाही, मग वाफ तेलातच राहते. आठवड्यातून एकदा तरी पंधरा मिनिटं सलग चालू द्या.

पॉलिशवाली

आणि गनचा पहिला फवारा पुठ्ठ्यावर मारून बघा, फर्निचरवर नको. घोडा दाबलेला असतानाच गनवरचा दाब २ बारला लावायचा. सोडलेल्या गनवर लावला तर दाबल्यावर तो बराच खाली येतो.

ब्लो गनने अंगावरचा भुसा उडवायची सवय लावून घेऊ नका. डोळ्यात जातो, आणि जखमेवर दाबाची हवा लागली तर ती कातडीखाली शिरते. भुसा झटकायला ब्रश ठेवा.

गॅरेज_सिंहगडरोड

बेल्टवाला १०० लिटर नक्की केला, आगाऊ रक्कम दिली. गन एलव्हीएलपी, १.३ नोझल. वायरमनला ४ चौरस मिमीचं आणि सी कर्व्ह २० अँपिअरचं सांगितलंय. पाण्याच्या बेसचं पॉलिशच मारणार आहे, ताई. देवगडकरांसारखा ड्रेनचा बॉल व्हॉल्व्ह बाहेर काढायचाय, त्याला कोणता धागा लागतो?

देवगडकर

बऱ्याच टाक्यांना पाव इंची बीएसपी असतो, पण तुमचा कॉक काढून दुकानात घेऊन जा आणि तोच फिरवून बघा. काढण्याआधी टाकी पूर्ण रिकामी, गेज शून्यावर, सेफ्टी व्हॉल्व्हचं कडं ओढूनही खात्री करा. टेफ्लॉन टेप धाग्याच्या दिशेने गुंडाळा. पितळी एल्बो घ्या, प्लास्टिकचा नको. आणि नळी टाकीच्या पायाच्या आत राहील अशी वळवा, नाहीतर मशिन सरकवताना तिलाच पहिला धक्का बसतो.

वायंडिंग_काका

वायरमनने जोडणी केली की पहिल्यांदा सुरू करताना मल्टिमीटर मोटरच्या टर्मिनलला लावून ठेवायला सांगा. सुरू होतानाचं व्होल्टेज २१० च्या खाली गेलं तर मला इथे कळवा. आणि दोन-तीन आठवड्यांनी बेल्ट पुन्हा ताणा, नवा पट्टा सैल पडतोच. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबला पाहिजे.